सव्वा मूठ

माणसं मोजणं हे माझं रोजचं काम.
शिरपूर आगार, खांद्याला मशीन,
मांडीवरची पोरं सोडून जेवढी डोकी तेवढी तिकिटं.
बाईला अर्धं तिकीट,
पण मोजताना बाई पूर्ण धरावी लागते,
नाहीतर तपासणीस चढला की मेळ बसत नाही.

पण कानबाईच्या आदल्या संध्याकाळी
बेटावदच्या घरात मोजतात निंबा आप्पा.
मधोमध गव्हाचं पोतं, पुढ्यात सूप,
रोटांसाठी दर पुरुषामागे सव्वा मूठ.
पाळण्यातला धरून,
उधन्याहून पॅसेंजरनं उभ्यानं आलेला भटू धरून,
शांताराम काका धरून,
ज्याच्याशी बांधावरून अकरा वर्षं बोलणं नाही,
तारखा मात्र चालू आहेत.
तोही आला होता. उंबऱ्याशीच बसला,
पाहुण्यासारखा नाही, घरच्यासारखाही नाही.
रोट कुळाचे असतात,
आणि कूळ कोर्टाला विचारून जेवत नाही.

आप्पा बत्तीस वर्षं जिनिंगच्या काट्यावर होते.
त्यांचं सव्वा म्हणजे सव्वाच:
एक मूठ, आणि वर तीन बोटांत मावेल तेवढं.
नाव घ्यायचे, मूठ सोडायचे.
हिलाल. सव्वा.
भटू. सव्वा.
शांताराम. (इथे जरा थांबले, खोकले.) सव्वा.

आम्ही बायका खडे निवडत होतो.
बायका मोजात नसतात, दळणात असतात.
लेकी आपापल्या सासरच्या कानबाईच्या.
माझ्या सासरीही कानबाई आहे,
मी तिथे नाही.
नऊ वर्षांपूर्वी धुळ्यात एका कागदानं
मला एका कुळातून उतरवलं,
दुसऱ्यात चढवायचं राहून गेलं.

मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन, भटूची आयटीआयची फी,
या घराचं दर महिन्याचं लाइट बिल,
हे काही मी मोजून दाखवत नाही.
दाखवलंच बघा.

हिलालनं सकाळी स्टेटस ठेवलं होतं,
जोडलेले हात, खाली ‘आपले संस्कार’.
मला म्हणाला, ताई, पुरण तुझ्याच हातचं हवं.

“सतरा,” आप्पा म्हणाले. “व्हयनं.”
आम्ही सुपाकडे सरकलो
तर त्यांचा हात परत पोत्यात गेला.
नाव घेतलं नाही.
मूठ.
आणि वर तीन बोटांत मावेल तेवढं.

उंबऱ्यावरून शांताराम काका म्हणाला,
“आप्पा, अठरा व्हयनात.”
अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि तेही हिशेबाचं.
“हात थरथरस आते. चुकी गऊ.”
“मंग काढी ल्या,” हिलाल बोलला.
आप्पांनी चष्मा काढला, धोतराला पुसला.
“सूपमा पडेल दाना वळखता येस का रे?”

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.
इतक्या जणांनी एकाच वेळी न पाहणं
फार जोरात ऐकू येतं.
मग शांताराम काका उठला,
सूप उचललं, दळण बांधलं,
आणि चक्कीकडे स्वतः घेऊन निघाला.
लाइट जाईल म्हणाला, लवकर दळलेलं बरं.

रविवारी नारळाला नथ चढली, डोळे लागले.
गंगाफळाची भाजी, खीर, रोट.
मी रोट चावत होते आणि राग चावत होते.
चूक म्हणून मोजली गेले मी.
पण काट्यावर बत्तीस वर्षं ज्याची
गुंजभर चूक कुणी धरली नाही,
त्यानं भरल्या घरात चुकायचं ठरवलं
तेव्हा त्याच्या बाजूचं पारडं
किती खाली गेलं असेल, तेही तोलत होते.
दोन्ही एकदम गिळवत नव्हतं. पाणी मागितलं.

सोमवारी कानबाई पांझरेत गेली
आणि मी साडेअकराच्या ड्युटीवर.

पुढल्या श्रावणात आप्पांचा हात
खरोखरच थरथरत असेल.
त्यांनी मूठ भरावी, मी पोतं धरेन,
आणि अठराव्याला, ते चुकायच्या आत,
मीच मोठ्यानं म्हणेन:
वैजयंता. सव्वा.